शाळा सुटल्यानंतरच्या मुलांची मोजणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघ्याचे पुढच्या पत्रात. आज घाईने लिहिते आहे, कारण ज्या विषयावरून आपण, शाळेनंतर मुले यायची त्या आपल्या अभ्यासिकेच्या पायरीवर बसून तावातावाने भांडत असू, तो आता सरकारी कागदावर आला आहे. शाळा सुटल्यावर मुले कुठे असतात आणि त्यांच्यासाठी कोण काय चालवते, याचे जिल्हाभर सर्वेक्षण करायचे, त्यावर अभ्यास करायचा आणि त्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनांमधून निधी मागायचा, असा प्रस्ताव तयार होतो आहे. प्रश्नावलीचा मसुदा अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. आनंदाने वाचायला घेतला आणि शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागला.

मसुद्याप्रमाणे माहिती घेणारी माणसे सकाळी अकरा ते पाच या वेळेत शाळांमध्ये जाणार आणि मुख्याध्यापकांकडून रकाने भरून घेणार. आता मला सांग, आपली अभ्यासिका त्या वेळेत कुणाला दिसली असती? सकाळच्या सत्राची मुले दुपारीच मोकळी होतात, त्यांच्या आया शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून दिवेलागणीला घरी येतात, आणि इचलकरंजीत मागावर बारा तासांची पाळी असेल तर त्याहूनही उशिरा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. उरलेल्या दिवसाचे उत्तर कोणत्याच खात्याकडे नाही, आणि नेमका तोच वेळ मोजायला ही माणसे कार्यालयीन वेळेत निघणार आहेत.

आपले गुरुजी चपलांचे जोड मोजून हजेरी मांडायचे आणि अनवाणी येणारा बबन्या पहिल्या रांगेत बसून ओरडत असतानाही गैरहजर ठरायचा, हे आठवून मसुदा वाचताना मला हसू आवरेना. पण या मोजणीत असे किती बबन्या सुटतील, याची खरोखर धास्ती वाटते. तालमीच्या ओट्यावर, देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या काकूंच्या माजघरात जी दहा-पंधरा मुले बसतात, त्यांच्यासाठी प्रश्नावलीत रकानाच नाही. खासगी शिकवणीला मात्र आहे. उद्या शिकवणीला जाणारी मुले मोजून ‘बहुतेकांची सोय आहे’ असा अहवाल निघाला, तर ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्यांचा प्रश्न कागदावर कायमचा मिटेल.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे तर विचारूच नकोस. शाळांची आकडेवारी वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आली आणि टोळ्या येतात त्या दिवाळीच्या आगेमागे. म्हणून पाहणी दोनदा व्हावी, एकदा पावसाळ्यात आणि एकदा गळीत हंगामात, असे मी लिहिले आहे. घरोघर जाणे अशक्य आहे, असे मला सांगण्यात आले. मुलांना किती वाचता येते हे तपासणारी ‘असर’ची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरी जाऊनच मुलांना वाचायला लावते, मग आपल्या शहरात, राजेंद्रनगरात किंवा सदर बाजारात, संध्याकाळी दार का वाजवता येऊ नये? माणसे मात्र ओळखीची हवीत. स्वतःच्या घरात मुले बसवणारी बाई अनोळखी साहेबाला पाहिले की परवाना विचारतील या भीतीने ‘इथे कुणी येत नाही’ असेच सांगेल. शिवाजी विद्यापीठातील समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रीतसर मानधन देऊन हे काम सोपवावे, अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझे टाकू नये.

तू म्हणायचीस की, मोजणीच्या पैशात मुलांना वर्षभर शेंगदाण्याचे लाडू मिळतील. ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्या मुलाची नोंद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, झाली तरी पुढच्या वर्षी टिकत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आले की नाही याची काळजी तेव्हा संस्थानाने आपल्या अंगावर घेतली. त्याच गावात शाळेबाहेरच्या तासांची काळजी राज्याने घ्यावी, असे मला मनापासून वाटते. पण नुसती संख्या नको. मुलगी सातवीनंतर अभ्यासिकेत येणे का थांबवते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या पोरीला आत घेतात की नाही, हे विचारले गेले पाहिजे, आणि वर्षाने त्याच घरी परत जाण्याचा खर्चही आताच मागितला पाहिजे.

तुझी नाशिकची बदली पक्की झाली का? धाकटीचा निकाल कळव. भाऊजींना नमस्कार.

आपली जुनी हजेरीपुस्तके तुझ्या माळ्यावर असतील. ती कुरिअरने पाठव. कोणती मुले कोणत्या महिन्यात गळाली ते त्यांत आहे आणि अभिप्रायासोबत मला ते जोडायचे आहे. आणि मसुद्यात तुला जे प्रश्न घालावेसे वाटतील, तेही लाडूंसकट लिहून पाठव. महिनाअखेरीस कागद परत द्यायचा आहे.

तुझी,
मंगल