‘तारापूरमध्ये रिॲक्टरचा स्फोट’ म्हणजे नेमका कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला की आमच्या बोईसरमध्ये आधी खिडक्यांच्या काचा वाजतात आणि पाठोपाठ फोन. मागे एकदा रात्री अकराला कराडहून मावशीचा आला. बातमीत ‘तारापूरमध्ये रिॲक्टरचा स्फोट’ एवढंच. "अणुभट्टी फुटली का रे? पोरांना घेऊन आधी निघ तिथून," म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

रासायनिक कारखान्यात ज्या भांड्यात माल शिजतो, त्यालाही रिॲक्टरच म्हणतात. त्यात तारापूर हे नाव गावाचं, औद्योगिक वसाहतीचं आणि समुद्रालगतच्या अणुवीज केंद्राचंही. बाहेरच्या माणसाने काय समजायचं?

आम्ही ज्याला ‘टॅप्स’ म्हणतो ते केंद्र 1969 पासूनचं, देशातलं पहिलं. पहिल्या दोन संचांत पाणी अणुभट्टीतच उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइन फिरवते. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने त्यांच्या इंधनाचा हात आखडता घेतला; पुढे फ्रान्स, चीन, रशियाकडून युरेनियम आणून ते चालवले. 2020 साली ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. तिसरा आणि चौथा संच प्रत्येकी 540 मेगावॅटचे, आपल्याच आराखड्याचे. तिथे जड पाणी उष्णता वाहून नेतं आणि वाफ वेगळ्या, साध्या पाण्याची होते. या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली.

केंद्राबद्दल प्रश्न विचारूच नयेत, असं मी म्हणत नाही. जुन्या संचांचं आयुष्य किती, विस्थापितांचं काय झालं, हे जरूर विचारा. पण एमआयडीसीतल्या स्फोटाच्या रात्री ‘अणुकेंद्र सुरक्षित’ असा खुलासा आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बातमी तिथेच संपते. भाजलेला कंत्राटी कामगार, त्याची खोलीवर वाट पाहणारी बायको, त्या भांड्याचा दाब का वाढला, याची चौकशी कोणी करत नाही. मला सर्वांत जास्त हेच लागतं.

म्हणून विनंती, मथळ्यातच ‘तारापूर एमआयडीसी, रासायनिक कारखाना’ असं स्पष्ट छापावं आणि आठवड्याभराने त्या कामगारांची बातमी पुन्हा द्यावी.

आपला,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)