शिपायाचा पगार आणि बायबलचं फाडलेलं पान

संपादक महोदय,
अमेरिकन क्रांती म्हटलं की सगळे वॉशिंग्टनवर लिहितात, त्याच्या शिपायांच्या कागदांवर कुणीच नाही म्हणून हे पत्र. पगाराचं म्हणाल तर सरकारकडे पैसेच नव्हते, शेवटी हातात सर्टिफिकेटं, म्हणजे पैसे नंतर देऊ अशा लेखी हमीचे कागद, टेकवले आणि कित्येकांनी ते मातीमोल भावात दलालांना विकले. त्यात नोव्हेंबर १८०० मध्ये तिकडच्या युद्धखात्याच्या ऑफिसला आग लागली, हजेरीपट, पगारपत्रकं बरीचशी खाक, १८१४ला इंग्रजांनी राजधानी पेटवली तेव्हा आणखी गेली.

मग १८१८ आणि १८३२च्या कायद्यांनी पेन्शन आली, पण पुरावा आणायचा कुठून? म्हातारे शिपाई कोर्टात उभे राहून आठवेल तसं सांगायला लागले, कॅप्टन कोण, कुठल्या लढाईत होतो, सोबत कोण होतं. विधवांना तर लग्न झालं होतं हेच सिद्ध करायचं, काहींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं. अशा सुमारे ८०,००० पेन्शन फायली आज अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी दप्तरखान्यात, आहेत. मला तर लढायांपेक्षा हीच पानं भारी वाटतात.

उरलेल्या हजेरीपटांवरून १८९४ पासून प्रत्येक शिपायाची कार्डं केली, म्हणजे मूळ कागद सारखा हाताळायला नको. २०२३ पासून त्या पेन्शन फायलींतला मजकूर ऑनलाइन टाइप करायला सामान्य लोकांनाही बोलावलंय, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी जरूर हात लावावा. मोडी वाचून डोळे तयार झालेल्यांना ते घसटं अक्षर फार जड जाऊ नये.

एक वाचक, पुणे