बेंचमार्क कुठे घेतला, तेही छापा

मा. संपादक,
स. न.

वाशीतल्या पायाखोदाईच्या कालच्या बातमीत जमीन खचण्याला ‘भूस्खलन’ म्हटले आहे. भूस्खलन म्हणजे डोंगरउतारावरची माती, दरड घसरणे. इथे खाली खाडीचा मऊ चिखल आहे आणि त्यातले पाणी उपसले की तो दबतो. शब्द चुकला की पंपाकडे कुणाचे लक्षच जात नाही.

पण जास्त चीड आली ती तज्ज्ञांच्या ‘सेटलमेंट (म्हणजे इमारतीचे खाली बसणे) मर्यादेत आहे’ या वाक्याची. कोणती मर्यादा? एकमेकांपासून 6 मीटरवरच्या दोन खांबांपैकी एक दुसऱ्यापेक्षा 20 मिलिमीटर जास्त बसला की भिंतींना तडे जायला लागतात. फरक 40 मिलिमीटरवर गेला की सांगाड्याची काळजी. एवढे सोसायटीच्या फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?

आमच्या शेजारच्या प्लॉटच्या अहवालात आठवड्यामागून आठवडे सेटलमेंट शून्य होते. बेंचमार्क, म्हणजे ज्याच्या तुलनेत इमारत किती बसली ते मोजतात तो न हलणारा बिंदू, घेतला होता समोरच्या दुभाजकाच्या कडेवर! तो भरावावरचा दुभाजक इमारतीबरोबरच बसत होता, मग फरक दिसणार कसा? शिवाय पहिले रीडिंग पंप सुरू झाल्यानंतरचे. बेंचमार्क खडकापर्यंत नेलेल्या सळईवर किंवा खड्ड्यापासून लांबच्या, पाइलवरच्या (जमिनीत खोलवर नेलेल्या खांबांवर उभ्या) इमारतीच्या खांबावर घ्यावा लागतो आणि पहिले रीडिंग खोदाईआधी.

भूजल 1 मीटर उतरले की खालच्या चिखलावर दर चौरस मीटरला सुमारे 1 टन भार वाढतो. चिखलातून पाणी सावकाश निघते, म्हणून पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही तरी जमीन महिनोन्‌महिने बसत राहते. पुढे पाणी भरले तरी ती पूर्वीच्या पातळीला येत नाही. म्हणून दर आठवड्याला मार्करचे (मोजणीसाठी लावलेल्या खुणांचे) रीडिंग, पायझोमीटरमधली (भूजल मोजायच्या नळीतली) पाण्याची पातळी आणि कोणत्या आकड्याला पंप थांबवणार, या तीन गोष्टी मराठीत गेटवर लागल्याच पाहिजेत.

आणखी एक. पाइलवरची इमारत जागेवर राहते, भोवतीची जमीन बसते आणि ड्रेनेजची पाइप चेंबरच्या सांध्यात तुटते. दर मे महिन्यात मात्र पेव्हर ब्लॉक उचलून, खाली ग्रिट भरून सगळे पुन्हा समतल केले जाते आणि जमीन बसल्याची खूण झाकली जाते. प्लिंथला (जोत्याला) लागून पडलेली फट बुजवण्याआधी निदान मोजपट्टी लावून, तारखेसह फोटो काढून ठेवा.

– एक वाचक, वाशी