नगरसेवकांना मानधन द्याच, पण दोन सह्या घेऊन

महोदय,

'समाजसेवेसाठी निवडून आलेत ना, मग मानधन कशाला?' असा सूर आपल्या पत्रांच्या सदरात वाचला. मी एका ब वर्ग, म्हणजे मध्यम आकाराच्या शहराच्या, नगरपरिषदेत सभा लिपिक होतो. अजेंडे काढणे, इतिवृत्त लिहिणे आणि सदस्यांच्या सभाभत्त्याची बिले टाकणे हेच माझे काम होते, म्हणून लिहावेसे वाटले.

मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन २०१७ मध्ये महिना २५ हजार झाले, पुणे-नागपूरचे २० हजार, लहान महापालिकांतले १० हजार. सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट करण्याचा निर्णय झाला. आठ हजारांहून जास्त वस्तीच्या गावात ते आता १० हजार आहे. मधल्यामध्ये राहिला तो नगरपरिषदेचा सदस्य. त्याला दरमहा ठरलेले काही नाही, सभेला आला तर भत्ता. तोही इतका किरकोळ, की बरेच जण बिलावर सही करायलाही फिरकत नसत. "राहू द्या हो भाऊसाहेब, स्टाफला चहा पाजा," म्हणायचे. त्यांना परवडत होते.

आमच्याकडे राखीव जागेवरून एक ताई निवडून आल्या होत्या. भाजी विकायच्या. सभा नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी लागली की माल दिराच्या हवाली करून यायच्या, आणि दिराने काय भावाने विकला याची काळजी सभा संपेपर्यंत तोंडावर दिसायची. भत्ता कधी निघणार, हे विचारणाऱ्या सगळ्या सभागृहात त्या एकट्याच. बाकीचे हसायचे. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. पहाटे नळाला पाणी आले नाही की लोक त्यांच्याच दारात. वॉलमनला फोन लावायचा, तुंबलेल्या गटारावर उभे राहून माणूस बोलवायचा, कुणाचा दाखला अडला की आमच्या खात्यांत टेबलाटेबलावर हिंडायचे. पुढच्या खेपेला त्या उभ्या राहिल्या नाहीत. ती जागा प्लॉटिंगवाल्या घरात गेली.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत ब वर्गाच्या सदस्याला साडेतीन लाखांपर्यंत खर्चाची मुभा होती. सभाभत्त्यातून ते पैसे निघत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळते. म्हणजे उभे कोणी राहायचे? ज्याला ते गेले तरी चालतात त्याने, नाहीतर ज्याला ते ठेकेदाराच्या बिलातून वसूल करता येतात त्याने.

मानधन दिले की ठेक्यांतली टक्केवारी थांबेल, असे मी म्हणत नाही. टक्केवारी खाणारा १० हजारांत सुधारत नसतो. मानधन हवे ते त्या ताईंसारख्यांना पाच वर्षे टिकता यावे म्हणून. आणि ते सदस्याच्याच खात्यावर जमा व्हावे. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण बाईंची सही हवी म्हटले की घरून "साहेबांना विचारतो", म्हणजे त्यांच्या यजमानांना, असे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. निदान पासबुक तरी तिच्या हातात राहू दे.

पैसा मात्र राज्य सरकारने द्यावा. पालिकेच्या फंडावर हा बोजा टाकला तर सफाई कामगारांचे पगार आणि निवृत्तांची देणी आणखी मागे पडतील. आमचीच काही थकलेली आहेत, त्यामुळे हा मुद्दा मी थोडा स्वार्थानेही मांडतो आहे, हे मान्य.

शेवटची अट हजेरीची. हजेरी पुस्तकावर सही ठोकायची, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) झाला की फोन कानाला लावून बाहेर पडायचे, आणि इतिवृत्तात 'उपस्थित' म्हणून नाव राहायचे, हे मी वर्षानुवर्षे माझ्याच हाताने लिहिले आहे. म्हणून सभेच्या सुरुवातीला एक आणि विषय संपल्यावर एक, अशा दोन सह्या घ्याव्यात. दुसरी सही नसेल तर त्या महिन्याचे मानधन कापावे. सरकारला सगळ्यांना मानधन परवडेल का, अशी ज्यांना चिंता आहे त्यांना सांगतो, दुसऱ्या सहीपर्यंत फार जण उरणार नाहीत.

— एक निवृत्त सभा लिपिक, जि. सोलापूर