पाककृतीचा देश छापा

संपादक महोदय,

परदेशी पाककृतींचे अनुवाद सर्रास छापले जातात, पण मूळ पाककृती कोणत्या देशातली, हे कुठेच नसतं. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा, ब्रिटन-अमेरिकेत साधारण १५चा. त्यामुळे ब्रिटिश किंवा अमेरिकन पाककृती ऑस्ट्रेलियन चमच्याने मापली, तर बेकिंग पावडर एक तृतीयांश जास्त पडते. केक भराभर फुगतो, मग मधोमध खचतो आणि कडवटही लागतो. दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला! पिंटचंही तेच: ब्रिटनमध्ये ५६८ मिलि, अमेरिकेत ४७३. ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च, अमेरिकेत मात्र मक्याचं बारीक पीठ. हे पीठ सॉसमध्ये घातलं तर सॉस रवाळ, गढूळ होतो. तेव्हा मापं ग्रॅम-मिलिलिटरमध्ये द्यावीत आणि मूळ देशाचं नाव शीर्षकाखालीच छापावं.

– एक वाचक