तेल परत जायची वाट विचारणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

बलेनोचा टर्बो (धुराच्या जोरानं फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) तुमच्या हातून पुरा झाला, त्याला आता एक पावसाळा उलटून गेला. एवढ्या काळात धूर नाही, गळती नाही, मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोकडं नेणाऱ्या नळ्यांना, केसाएवढी चीर नाही. हे तोंडानं सांगायला आलो तर "बरं झालं की" म्हणून तुम्ही परत लेथकडं वळाल आणि माझं बोलणं तसंच राहून जाईल. म्हणून पत्र. आणि ते चारचौघांत लिहितोय, कारण जुन्या गाडीला टर्बो बसवायची हौस असलेली पोरं आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि त्यांना तुमचं काम कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गाडी 2004 ची मारुती बलेनो. आत्ताची हॅचबॅक नव्हे, 1999 पासून 2007 पर्यंत विकली गेलेली सेडान. जी16बी इंजिन, 1590 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीच्या आकड्यानं 94 बीएचपी. मी ज्याच्याकडं म्हणून टर्बोचा विषय काढला, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: बूस्ट (टर्बोनं चढवलेला हवेचा दाब) किती देणार? किंवा, बीएचपी किती निघणार? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुमच्या शेडमध्ये मी टर्बो बाकावर ठेवला, तुम्ही तो उलटा केलात, खालच्या भोकात करंगळी घातलीत आणि विचारलंत, "तेल परत जाणार कुठनं?"

अख्खं काम या एका प्रश्नावर उभं राहिलं. टर्बोचा शाफ्ट (आतला दांडा) मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो बेअरिंगमध्ये धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. आत येणारं तेल इंजिनाच्या पंपाच्या जोरानं येतं. बाहेर पडताना मात्र तो जोर संपलेला असतो. तेल गरम होऊन, हवा मिसळून, फेसाळून निघतं आणि फक्त स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. वाट अरुंद असली किंवा नळीला मधेच चढ आला, की तेल वर तुंबतं आणि शाफ्टच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. मग निळा धूर निघतो, लोक टर्बो खराब निघाला म्हणतात, नवा आणतात आणि तोही तसाच धूर सोडतो. दोष त्या खालच्या नळीत असतो.

तुम्ही चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवायला लावलात. इंजिनात तेल भरल्यावर पातळी कुठपर्यंत येते ते डिपस्टिकवरून मोजलंत, चेंबरच्या अंगावर खडूनं रेघ मारलीत आणि बॉस (नळी जोडायचा जाड गोल तुकडा) त्या रेघेच्या वर वेल्ड केलात. पातळीखाली भोक पडलं असतं, तर परतीचं तेल उभ्या तेलावर आपटून तुंबलं असतं. नळी आतून एकोणीस मिलीमीटरची, जवळजवळ उभी, एकही उलटा बाक नाही. त्यासाठी टर्बो मूळ ठरवलेल्या जागेपासून वर घ्यावा लागला आणि मॅनिफोल्डचं चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं. मॅनिफोल्ड आधी आणि नळी जमेल तशी, अशी बहुतेक कामं होतात. तुम्ही नळी आधी ठरवलीत.

तेल आत घ्यायच्या बाजूची गोष्ट तर मी अजून कुणाकुणाला सांगत असतो. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिथून तेल घ्यायचं, हे सरळ होतं. दुकानातून आलेली फिटिंग दोन आटे छान बसली आणि तिसऱ्याला जड लागली. कुणीही पाना लावून रेटली असती. तुम्ही ती काढलीत, ड्रॉवरमधून आट्यांचा गेज काढलात आणि प्रकाशाकडं धरून मला दाखवलंत: फिटिंगला इंचाला 27 आटे, एनपीटी म्हणजे अमेरिकी पद्धतीचे, या जपानी ब्लॉकला इंचाला 28, बीएसपी म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे. आट्याचा कोनही वेगळा, एक साठ अंशांचा, दुसरा पंचावन्न. टेपची पट्टी गुंडाळून रेटलं असतं तर ब्लॉकमधले आटे गेले असते, किंवा पुढं कधीतरी ऐन वेगात तिथून तेल उडून लालभडक टर्बोवर पडलं असतं. तुम्ही काही न बोलता लेथवर नवी फिटिंग कातलीत. ती हातानं शेवटपर्यंत गेली आणि पान्याच्या अर्ध्या फेऱ्यात घट्ट बसली. अण्णा, गाडीला आग लागण्याचं एक कारण तुम्ही त्या दुपारी काढून टाकलंत, आणि बिलात त्याची ओळही घातली नाहीत.

मॅनिफोल्डबद्दल. मी चकचकीत स्टेनलेसचा आग्रह धरला होता, कारण फोटोंत सगळीकडं तोच दिसतो. तुम्ही साध्या लोखंडाचे जाड स्टीम पाइपचे बेंड आणायला लावलेत, शेड्यूल चाळीस जाडीचे. स्टेनलेस 304 तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं आणि पातळ नळीला टर्बोचं वजन टांगलं की जोडाशी चिरतं. जाड लोखंड दिसायला काळं, पण वजन पेलतं. बारा मिलीमीटरचा फ्लॅंज (मॅनिफोल्डची हेडला बसणारी जाड पट्टी) तुम्ही जुन्या हेडवर आवळून मगच आर्गॉन वेल्डिंग सुरू केलंत, आणि काम झाल्यावर तो तसाच आवळलेला ठेवून थंड होऊ दिलात. दुसऱ्या दिवशी सोडला, फेस मारला (तोंड सपाट केलं), फीलर गेजची पातळ पट्टी घालून फट राहिली का ते पाहिलं. मग आरीनं पोर्टांच्या (धुराच्या भोकांच्या) मधे फ्लॅंज कापलात. मी दचकलो, एवढी मेहनत करून तुकडे? पण कापलेला फ्लॅंज तापल्यावर प्रत्येक पोर्टापाशी आपापला फुगतो, स्टडना (तो आवळणाऱ्या बोल्टांना) वाकवत नाही आणि पॅकिंग फाडत नाही. आजपर्यंत एक स्टड तुटलेला नाही.

आणखी एक ऋण आहे, तेही इथंच मान्य करतो. एका वर्कशॉपनं मला डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात देऊ केला होता. तो पहिल्यांदा तुमच्याकडं आणला, तेव्हा तुम्ही गरम बाजूच्या हाउसिंगला चुंबक लावलंत. टक्कन चिकटलं. "एसजी हाय. डिझेलला ठीक. पेट्रोलचा जाळ याला सोसायचा न्हाई." एसजी म्हणजे ग्रॅफाइटच्या बारीक गोळ्या असलेलं ओतीव लोखंड. डिझेलचा धूर साधारण आठशे अंशांच्या आसपास राहतो, पेट्रोल इंजिन जोरात असताना साडेनऊशेपर्यंत जातं. म्हणून पेट्रोलच्या टर्बोचं हाउसिंग भरपूर निकेल घातलेल्या ओतीवाचं करतात, आणि त्या ओतीवाला चुंबक धड धरत नाही. नंतर जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या 1.8 पेट्रोल इंजिनावरचा के03 टर्बो मिळाला, त्यावर तुमचं चुंबक घसरून पडलं, तेव्हा कुठं तुम्ही काम हातात घेतलंत. फौंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला ओतीव हातात घेताच कळतं, हे मी ऐकून होतो. कोल्हापुरात ते पाहायला मिळतं याचा मला अभिमान आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावाचा हात तुमच्या हातात आहे असंच मला त्या दिवशी वाटलं.

त्या के03 ला पाण्याच्याही नळ्या असतात. पुष्कळजण त्या बंद करून टाकतात, काम वाचतं. तुम्ही त्या जोडल्याच. इंजिन बंद केल्यावर तेल फिरायचं थांबतं आणि गरम हाउसिंगची उष्णता बेअरिंगमध्ये शिरते. पाणी नसलं तर आतलं तेल जळून कोळसा होतं.

पहिल्यांदा स्टार्ट मारायच्या आधी तुम्ही परतीची नळी चेंबरवरून सोडून एका डब्यात धरलीत, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढायला लावलेत आणि मला नुसता स्टार्टर फिरवायला सांगितलंत. थोडा थांबवून परत. मग नळीतून आधी थेंब आणि मागोमाग अखंड धार आली. तुम्ही ती धार बराच वेळ बघत होतात. टर्बो कोरडा फिरला तर पहिल्या काही सेकंदांतच बेअरिंग ओरखडतं, आणि ते नुकसान महिन्यांनी दिसतं. तुम्ही धार बघून खात्री केलीत, मगच नळी चेंबरला जोडलीत.

बाकीचं काम इतरांनी केलं. त्यांचेही आभार आहेतच. पुण्यातल्या मित्रानं मोठे इंजेक्टर, दाब मोजणारा मोठ्या पल्ल्याचा मॅप सेन्सर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवून मॅपिंग, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचं गणित, केलं. पिस्टन कंपनीचेच आहेत, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा आवळायचं प्रमाण) साडेनऊच्या घरात, म्हणून वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग 0.4 बारची ठेवली, दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर लावला, आणि बूस्टवर मिश्रण एका भाग पेट्रोलला साडेअकरा-बारा भाग हवा असं ठेवलं. आकड्यांचा मोह झाला नाही असं नाही, पण तुमच्या मॅनिफोल्डवर आणखी दाब चढवून तो वाया घालवायचं माझ्या मनाला पटत नाही.

तुमची अटही मी पाळतोय. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतंत, ही गाडी रस्त्यावर पळवणार असशील तर हात लावणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल मी नंतर वाचला. तुम्ही ते कलम न सांगता ओळखलं होतंत. गाडी ट्रेलरवर चढते, शर्यतीच्या मोहिते ट्रॅकवर उतरते आणि ट्रेलरवरच परत येते.

पैशाचं बोलायचं तर, तुम्ही मालाचे आणि मजुरीचे घेतलेत. आट्यांच्या गेजचे, चुंबकाचे, त्या धारेकडं बघत थांबलेल्या वेळाचे तुम्ही काही लावलं नाहीत. मी जास्तीचे पुढं केले, तर तुम्ही रागावून शेडमधनं बाहेर काढलंत. ते पैसे मी ठेवलेत. तुमच्या लेथच्या चकचे (काम पकडायच्या पंजाचे) जबडे झिजलेत असं तुमचा पोरगा म्हणत होता. नवा सेट मागवलाय, पुढच्या सोमवारी घेऊन येतो. या वेळी नाही म्हणू नका. आणि ज्या पोराची होंडा सिटी तुमच्याकडं पाठवतोय, त्याला सांगितलंय की बूस्टचं काही विचारायच्या आधी चेंबर उतरवून आण.

तुमचा,
बलेनोवाला