शेख महंमद महाराजांच्या ओव्या-अभंग गोळा करतोय, घरातली जुनी बाडं (हाताने लिहिलेल्या जुन्या पोथ्या-वह्या) बाहेर काढा आणि हातभार लावा

नमस्कार श्रीगोंदेकर मंडळी, आणि पुण्या-मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेले आपले सगळे गाववाले. सरळ मुद्द्यावर येतो. वाचनालयातर्फे आपल्या श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद महाराजांच्या निवडक ओव्या आणि अभंगांचं एक साधं, स्वस्त, मोठ्या अक्षरातलं पुस्तक काढायचं ठरलंय, खाली सोपा अर्थ दिलेला, म्हणजे आठवीतल्या पोराला पण वाचता येईल आणि आजीला पण. त्याला पैसे लागणारच आहेत, पण पैशाच्या आधी दुसऱ्या दोन गोष्टी लागणार आहेत, त्यामुळे वर्गणीचा मेसेज दिसतोय म्हणून लगेच वर सरकवू नका, जरा वाचा.

महाराज आपलं ग्रामदैवत, शुभकार्याला पहिला नारळ त्यांना, गाडी घेतली तरी आधी तिथे नेऊन उभी करतो. पण त्यांनी लिहिलंय काय हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प, आणि यात आम्ही कार्यकर्ते पण आलो. तालुक्याबाहेर तर विचारूच नका, संतांच्या यादीत एकनाथ, तुकाराम, रामदास, आणि यांचं नाव फार तर एका ओळीत.

खरं तर माणूस केवढा मोठा. गुरू चांद बोधले, दौलताबादचे, कादिरी नावाच्या सूफी परंपरेतले. याच चांद बोधल्यांना देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी पण गुरू मानत अशी परंपरा आहे, आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ महाराज. म्हणजे नाथांचं आणि आपल्या शेखबाबांचं मूळ एकाच दारात जातं, हे पैठणला जाऊन सांगितलं तर लोक चकित होतात. जुनी माणसं त्यांच्या लहानपणाची गोष्ट सांगतात, घरात बकरं कापायचा धंदा, सुरी हातात दिली तेव्हा पोराने आधी ती स्वतःच्या बोटाला लावून पाहिली, कळ उठली, आणि मला इतकं दुखतं तर त्या मुक्या जिवाला किती म्हणून सुरी खाली ठेवली ती कायमची. आख्यायिकाच आहे, पण त्यांचे अभंग वाचल्यावर हा माणूस असंच करेल असं वाटतं खरं.

पुढे शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरू केलं, आपल्या गावात (तेव्हाचं चांभारगोंदे) आणलं, मठ बांधून दिला, जमीन दिली. मालोजींच्या घराला फकीर-साधूंचं वावडं नव्हतंच, नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून त्यांनी पोरांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली हे तर सगळ्यांना माहीत असतं, शेख महंमदांचं मात्र कोणी बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी भक्तविजयात त्यांचं चरित्र गायलंय. देहूला तुकोबांच्या कीर्तनात मांडव पेटला आणि शेखबाबांनी तो इथे बसल्या बसल्या हाताने विझवला ही गोष्ट तर आपण सप्ताहात ऐकतोच.

आणि लिहिलं ते सगळं मराठीत. योगसंग्राम हा मोठा ग्रंथ, १८ प्रसंग (म्हणजे अध्याय), शके १५६७ ला म्हणजे १६४५ साली पूर्ण झालेला, शिवाय निष्कलंकप्रबोध, पवनविजय, आणि फुटकळ अभंग तर कितीतरी. संग्राम कुणाशी, तर काम-क्रोध-लोभ या आतल्या शत्रूंशी, बाहेर कुणाशी नाही. भोंदू गुरूंना तर असं झोडपलंय की आज वाचलं तरी दोन-चार चेहरे डोळ्यासमोर येतात (नावं घेत नाही). मुसलमान ज्याला सच्चा पीर म्हणतात त्यालाच मराठे सद्गुरू म्हणतात, दोन्हीत भेद नाही, डोळे उघडून बघा, असं ते रोखठोक सांगतात. आणि स्वतःबद्दल, "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद" (अविंध म्हणजे मुसलमान). ही ओळ पाठ असते, पुढचं मागचं नसतं, तेच पुस्तकात आणायचंय.

हे सगळं आधी छापलंच नाही असं नाही. वा. सी. बेंद्रे, ज्यांनी शिवरायांचं खरं चित्र शोधून काढलं तेच, त्यांनी १९५९ साली योगसंग्राम संपादून छापला आणि नंतर कवितासंग्रह पण काढला. पण ती पुस्तकं आता सहज मिळत नाहीत, आणि भाषा जुनी असल्याने अर्थाशिवाय वाचणारा चार पानांत थकतो.

तर पहिली मदत, कागद. मागच्या पावसाळ्यात एका घरच्या माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं बाड आमच्याकडे आलं. बोरूने लिहिलेलं, अक्षर टपोरं, शब्द सगळे एकाला एक चिकटलेले, दंड तेवढे तांबड्या शाईत, आणि कडेने कसर लागून पानांची जाळी झालेली. त्यात नाथांचा अभंग संपतो तिथेच पुढे शेखबाबांचा सुरू, मध्ये वेगळं काही नाही. घरच्यांना वाटलं होतं की आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत! असं अजून किती घरांत असेल कुणास ठाऊक. आम्हाला बाड देऊन टाका असं म्हणत नाही, तुमचं तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही येऊन फोटो काढतो. तोपर्यंत एवढंच करा, उन्हात वाळवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर चुकूनही नको, आणि चिकटलेली पानं ओढून सोडवायला जाऊ नका. घरात कुणी म्हातारं माणूस चालीवर अभंग म्हणत असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, आवाज फाटका असला तरी चालतोय.

दुसरी मदत, हात. फोटोवरून टाइप करायला आणि मुद्रितं (प्रुफं) तपासायला माणसं हवीत, घरबसल्या काम आहे, मराठी टायपिंग येत असलं की झालं. शाळा-कॉलेजच्या मराठीच्या सरांनी मॅडमनी अर्थ तपासायला वेळ दिला तर फार बरं होईल, आणि फारसी-उर्दू जाणणारं कुणी असेल तर नक्की हवं, सूफी शब्द आले की आमची गाडी अडते.

तिसरी, पैसे. कागद, छपाई, बांधणी. १०० रुपये दिले तरी पावती मिळेल, ५०,००० दिले तरी पावतीच मिळेल, पुस्तकात कुणाचा फोटो छापणार नाही, पुढाऱ्यांचा तर नाहीच. हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. क्यूआर कोड फक्त वाचनालयात लावलाय, मोबाइलवर कुठून फिरत आला तर त्यावर पैसे पाठवू नका, आणि कुणी दारात येऊन मागितले तर छापील पावतीपुस्तक बघितल्याशिवाय देऊ नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण विचारणारे विचारतातच. मंदिर म्हणायचं का दर्गा, जागा कुणाची, ट्रस्ट कुणाचा, यात हे पुस्तक पडणार नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, आम्हाला त्यांचे शब्द छापायचेत, आणि कामाला दोन्हीकडची पोरं बसलेली आहेत.

बाहेरगावचे लोक सुट्टीला येताना बाड असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता सुती कापडात गुंडाळून आणा. वाचनालय संध्याकाळी उघडं असतं, रविवारी सकाळी पण, आणि कुणी दिसलं नाही तर शेजारच्या दुकानात सांगून ठेवा, आम्ही स्वतः घरी येतो.